बीटलच्या तडकलेल्या गिअरबॉक्स केसला फिलर रॉड कोणता?

प्रश्न थोडक्यात असा. १९६७ सालची फोक्सवॅगन बीटल पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. गिअरबॉक्स केसला, म्हणजे गिअरभोवतीच्या मॅग्नेशियमच्या कवचाला, तळाशी, ड्रेन प्लगच्या बॉसपासून (प्लगभोवतीच्या जाड फुगवट्यापासून) बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या भागाच्या) दिशेने चार इंचांचा तडा गेलाय आणि तेल ठिबकतंय. तडा भरायला वितळवायची सळई, म्हणजे फिलर रॉड, म्हणून एका वेल्डरने ५३५६ सुचवला, "त्यात मॅग्नेशियम असतं" म्हणून. दुसरा एझेड६१ म्हणतो. बाहेरून मागवला तर एझेड९२ए मिळतो, पण महाग पडतो. आणि कुणीतरी असंही सुचवलंय की भंगारातली तशीच केस कापून तिच्या पट्ट्याच रॉड म्हणून वापराव्यात. यातलं काय घ्यावं?

उत्तर आधी देतो. एझेड९२ए घ्या, २.४ मिमीचा. ५३५६ चा विचारही करू नका. एझेड६१ चांगला रॉड आहे, पण तुमच्या केसचा नाही. पट्ट्यांचा उपाय या कामापुरता सोडून द्या. आता प्रत्येकाचं कारण सविस्तर सांगतो, कारण पुढच्या वेळी तुमच्या टेबलावर दुसरी केस असेल आणि तेव्हा उत्तर बदलू शकतं.

सुरुवात ५३५६ पासून, कारण आपल्याकडे मॅग्नेशियमच्या केस सर्वांत जास्त याच रॉडने वाया जातात. हा ॲल्युमिनियमचा रॉड आहे. त्यात मॅग्नेशियम साधारण ५ टक्के, बाकी जवळजवळ सगळं ॲल्युमिनियम. दुकानात त्याला सर्रास 'मॅग्नेशियमवाला रॉड' म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो. तुमच्या केसमध्ये प्रमाण उलटं आहे: नव्वद टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम आणि थोडंसं ॲल्युमिनियम. हे दोन एकत्र वितळले की पूलमध्ये (आर्कखालच्या वितळलेल्या धातूच्या थारोळ्यात) दोन्ही धातू जवळपास बरोबरीने येतात, आणि नेमक्या त्याच मधल्या पट्ट्यात या जोडीची कठीण, ठिसूळ संयुगं बनतात. त्यातली काही मिश्रणं ४३७ ते ४५० अंश सेल्सिअसलाच वितळतात, म्हणजे शुद्ध मॅग्नेशियम वा शुद्ध ॲल्युमिनियमपेक्षा दोनशे अंश खाली. बीड (वेल्डने भरलेली रेघ) वरून छान दिसतो. गार होताना टक टक आवाज येतो आणि मधोमध उभी चीर पडते. ४०४३ या ॲल्युमिनियमच्या दुसऱ्या रॉडने वेगळं काही होत नाही. उलट त्यातला सिलिकॉन मॅग्नेशियमशी मिळून आणखी एक ठिसूळ संयुग तयार करतो. वेल्डरचा हात कितीही तयार असला तरी हे रसायन हाताने सुधारत नाही. तो वेल्डर ॲल्युमिनियमच्या हेडवर आणि टाक्यांवर उत्तम काम करत असेल, त्याबद्दल मला शंका नाही, पण या केसला त्याचा रॉड लावू देऊ नका.

इथेच एक तपासणी करून घ्या. जुन्या गाडीच्या केसवर आधी कुणी हात मारलेला असतो. सगळी केस धुऊन झाली की जुने बीड शोधा आणि प्रत्येकावर पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब टाका. मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे येतात, ॲल्युमिनियमवर थेंब शांत बसून राहतो. बीडवर थेंब शांत आणि शेजारच्या केसवर फसफसतोय, याचा अर्थ तिथे कुणीतरी ॲल्युमिनियमचा रॉड भरला आहे. तो सगळा भाग कार्बाइड बरने (कोरायच्या कठीण, फिरत्या टोकाने) कोरून, कडेच्या ताज्या धातूपर्यंत जाऊन काढावा लागतो. थोडासाही राहिला तर एझेड९२ए ने भरलेला बीडसुद्धा तिथूनच फुटेल.

आता मुख्य मुद्दा. मॅग्नेशियमचा रॉड निवडताना दोन गोष्टी बघायच्या: केसचं कूळ कुठलं, आणि केस व रॉड यांपैकी शेवटी कोण गोठतं. बाकी सगळं यातून आपोआप निघतं.

कुळं दोन. पहिलं ॲल्युमिनियमच्या मिश्रणांचं: एझेड९१ म्हणजे ९ टक्के ॲल्युमिनियम, १ टक्का झिंक, एझेड८१, एएम६०, एएस४१ ही त्याचीच भावंडं. दुसरं झिर्कोनियमचं: ईझेड३३, झेडई४१ वगैरे, ज्यात ॲल्युमिनियम अजिबात नसतं, झिंक, दुर्मिळ मृदा धातू आणि अर्ध्या टक्क्याच्या आसपास झिर्कोनियम असतं. इथे झिर्कोनियम धातूचा दाणा (गोठताना बनणारा स्फटिक) बारीक ठेवतं, आणि त्या बारीक दाण्यावरच सगळी ताकद उभी असते. ॲल्युमिनियम आणि झिर्कोनियम मात्र एका पूलमध्ये नांदत नाहीत. दोघांचं संयुग बनून झिर्कोनियम बाजूला पडतं, दाणा जाड होतो आणि बीड कमकुवत. म्हणून पहिल्या कुळाला एझेड९२ए किंवा एझेड१०१ए, आणि दुसऱ्या कुळाला ईझेड३३ए किंवा मूळ धातूचाच रॉड. ही वाटणी ओलांडायची नाही, कुठल्याही बाजूने.

मग तुमची केस कुठल्या कुळातली? बीटलची केस डाय कास्टिंगची (धातूच्या साच्यात दाबाने ओतलेली) आहे, आणि एवढ्यावरच निकाल लागतो, कारण झिर्कोनियमची मिश्रणं मुख्यतः वाळूच्या साच्यात ओततात, डाय कास्टिंगमध्ये वापरत नाहीत. ही खूण कुठल्याही केसला लावता येते. पृष्ठभाग गुळगुळीत, फासळ्या पातळ आणि धारदार, इजेक्टर पिनचे गोल ठसे दिसतायत, तर डाय कास्टिंग, म्हणजे ॲल्युमिनियमचं कूळ. पृष्ठभाग खरबरीत, भिंती जाड, वाळूचा दाणा हाताला लागतोय, तर मात्र दोन्हींपैकी काहीही असू शकतं आणि तिथे अंदाज चालत नाही. रेसिंगच्या गिअरबॉक्सच्या आणि हेलिकॉप्टरच्या केस याच वर्गात येतात. ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरचा मुख्य गिअरबॉक्स झेडई४१ चा आहे. (विमान-हेलिकॉप्टरच्या भागाला आपण वर्कशॉपमध्ये हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, उदाहरण फक्त धातूचं.)

केसवर उठावाची अक्षरं आहेत का, तेही बघा. नवीन गाड्यांच्या केसवर मिश्रणाचं नाव स्पष्ट असतं, एझेड९१ किंवा एमजीएएल९झेडएन१ असं. नसेल तर स्पेक्ट्रो टेस्ट (धातूत काय किती आहे ते सांगणारी तपासणी) करून घ्या. भोसरी-चिंचवडला फाउंड्रीवाल्यांसाठी स्पेक्ट्रो करून देणाऱ्या लॅब आहेत, पण नमुना देण्याआधी एकच प्रश्न विचारा: मॅग्नेशियम बेसचा प्रोग्राम आहे का? बहुतेकांकडे लोखंड आणि ॲल्युमिनियमचे असतात, आणि चुकीच्या बेसवर घेतलेला रिपोर्ट कागदावर कितीही नीट दिसला तरी उपयोगाचा नसतो. हातात धरायची एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातू ओळखणारी) मिळाली तर तीही पुरते. साध्या गनला मॅग्नेशियम नीट दिसत नाही, पण झिर्कोनियम आहे की नाही हे ती सहज सांगते, आणि कूळ ठरवायला आपल्याला तेवढंच हवं असतं.

बीटलबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण मॅग्नेशियमच्या इतिहासात या गाडीला मोठी जागा आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून एका गाडीत वीस किलोच्या आसपास मॅग्नेशियम असायचं, आणि १९७१ मध्ये फोक्सवॅगनचा वर्षाचा वापर ४२,००० टनांवर गेला होता. आधीच्या केस एझेड घराण्याच्या. पुढे इंजिनची ताकद आणि उष्णता वाढली. एझेड९१ साधारण १२० अंशांच्या वर भाराखाली हळूहळू सरकायला लागतं, बोल्ट ढिले पडतात. म्हणून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एएस४१ आलं, ४ टक्के ॲल्युमिनियम आणि १ टक्का सिलिकॉनचं. तुमची गाडी १९६७ ची, तेव्हा केस मूळची असेल तर ती एझेड घराण्यातली धरून चाला. मधल्या काळात कुणी नंतरच्या गाडीची केस बसवली असेल तर गोष्ट वेगळी. तिच्यावरचा नंबर तपासा आणि शंका राहिली तर स्पेक्ट्रो करा.

हा फरक इतका महत्त्वाचा का? त्याचं उत्तर दुसऱ्या मुद्द्यात, गोठण्याच्या क्रमात आहे. दोन वेल्डरांनी तुम्हाला दोन वेगळे रॉड का सांगितले, तेही तिथेच कळेल.

मॅग्नेशियमची मिश्रणं एका ठरावीक तापमानाला गोठत नाहीत, एका पट्ट्यात गोठतात. एझेड९१ साधारण ५९५ अंशांना गोठायला लागतं आणि ४७० च्या आसपास पूर्ण घट्ट होतं. वेल्डच्या कडेला, जिथे केस पूर्ण वितळलेली नाही पण प्रचंड तापली आहे, तिथे दाण्यांच्या सीमेवर वितळलेल्या धातूचा पातळ थर असतो. त्याच वेळी सगळा वेल्ड आकसायला लागतो. आकसण्याचा हा ताण कुठेतरी जाणारच. बीड आधी घट्ट झाला तर तो ताण त्या पातळ थरावर येतो आणि थर फाटतो. बीडला लागून, केसच्या बाजूने जाणारी जी बारीक चीर लोकांना कोड्यात टाकते, ती हीच. बीड जर कडेनंतर गोठला, तर कडेचे दाणे आधी एकमेकांना धरतात आणि ताण अजून मऊ असलेल्या बीडमध्ये जिरतो. म्हणून रॉड असा हवा की जो केसनंतर गोठेल.

आता आकडे शेजारी ठेवून बघा. एझेड९२ए ४४५ अंशांच्या आसपास पूर्ण गोठतो, एझेड९१ च्या केसपेक्षा पंचवीस अंश खाली. म्हणजे क्रम बरोबर. एझेड६१ साधारण ५२५ ला गोठतो, केसच्या आधी. क्रम उलटा. पातळ, मोकळ्या पत्र्यावर हा उलटा क्रम खपून जातो, पण चारही बाजूंनी जखडलेल्या केसच्या तळाशी, जाड बॉसला लागून, तो खपत नाही. हीच केस एएस४१ ची असती तर? एएस४१ ५६५ च्या आसपास घट्ट होतं. तिथे एझेड६१ सुद्धा केसनंतरच गोठतो, आणि तुमचा दुसरा वेल्डर बरोबर ठरला असता. कदाचित त्याने एझेड६१ अशाच केसवर वापरून बघितला असेल आणि तो टिकला असेल. त्याचा अनुभव खोटा नाही, केस वेगळी आहे. एझेड९२ए मात्र दोन्ही केसला चालतो, म्हणून मी दुकानात एकच रॉड ठेवायचा झाला तर तोच ठेवेन. एझेड१०१ए मिळाला तरी घ्या, कास्टिंगला तो एझेड९२ए इतकाच चांगला.

तत्त्व समजलं की बाकीच्या गाड्यांच्या केसही सोप्या होतात. पोर्शे ९११ चा ९१५ गिअरबॉक्स १९७७ पर्यंत मॅग्नेशियमचा होता, नंतर ॲल्युमिनियमचा झाला, त्यामुळे वर्ष न बघता रॉड लावू नका. आउडी-फोक्सवॅगनच्या १९९० च्या दशकातल्या पाच गिअरच्या काही केस एझेड९१ च्या आहेत. मर्सिडीजच्या सात गिअरच्या ऑटोमॅटिकची केस एएस३१ ची. कोकणातून चेन सॉचे तडकलेले क्रँककेस येतात, तेही बहुधा ॲल्युमिनियम कुळातलं डाय कास्टिंगच, आणि त्या पातळ भिंतींना १.६ मिमीचा रॉड लागतो.

भंगारातल्या केसच्या पट्ट्यांबद्दल. कल्पना मुळात चुकीची नाही. झिर्कोनियमच्या सँड कास्टिंगला (वाळूच्या साच्यात ओतलेल्या केसला) मूळ धातूचाच रॉड हा मान्य उपाय आहे, आणि ईझेड३३ए मिळत नसेल तर मीही तसं करेन. पण डाय कास्टिंगमध्ये धातू प्रचंड दाबाने साच्यात घुसवलेला असतो आणि त्यात हवा अडकलेली असते. त्या केसची पट्टी पूलमध्ये घातलीत की अडकलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर येते. तुमच्या केसमध्ये आधीच असा वायू आहे, त्यात रॉडचा वायू कशाला घालायचा? शिवाय पट्टी केसबरोबरच गोठते, केसनंतर नाही. आणि ती भंगारातली केस नेमक्या कुठल्या मिश्रणाची होती, हेही कुणाला ठाऊक नसतं.

रॉड हातात आला की तो खरंच मॅग्नेशियमचा आहे का, तपासा. पाकिटावरचा शिक्का मी पुरेसा मानत नाही. एडब्ल्यूएस (अमेरिकन वेल्डिंग सोसायटी) ए५.१९ हा मानकाचा क्रमांक आणि ईआर एझेड९२ए हे नाव पाकिटावर हवंच, पण त्याबरोबर एक रॉड सोनाराच्या काट्यावर ठेवा. २.४ मिमीचा ३६ इंची रॉड मॅग्नेशियमचा असेल तर साडेसात ग्रॅमच्या आसपास भरतो. ॲल्युमिनियमचा असेल तर अकरा ग्रॅमच्या जवळ. चूक व्हायला जागाच नाही. वर व्हिनेगरचा थेंब आहेच. झालेला व्यवहार परत करायला ही तपासणी दुकानदारापुढेच केलेली बरी.

रॉड हवेत पडून राखाडी झाला असेल तर त्यावर ऑक्साइड चढलंय. वापरण्याआधी तो स्टेनलेस वूलने चमकेपर्यंत घासा, ॲसिटोनने पुसा आणि स्वच्छ हातमोजे घालूनच उचला. उरलेले रॉड बंद नळीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. पावसाळ्यात हे टाळून चालत नाही.

योग्य रॉड घेऊनही काम बिघडतं, त्याचं सर्वांत मोठं कारण तेल. गिअर ऑइल पन्नास वर्षं त्या केसच्या छिद्रांत मुरलेलं आहे. केस आधी गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुवा. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं, मॅग्नेशियमला अल्कलीने काही होत नाही. म्हणून ॲल्युमिनियमचा प्रत्येक तुकडा, बेअरिंग, सील आधी काढा. आम्ल मात्र, तपासणीचा व्हिनेगरचा थेंब सोडला तर, मॅग्नेशियमच्या जवळ नको. मग केस ओव्हनमध्ये १५० अंशांवर काही तास ठेवा. तड्यातून तेल पाझरून वर येईल, ते पुसा आणि पुन्हा ठेवा. पाझर थांबेपर्यंत हे करत राहायचं. स्प्रेच्या ब्रेक क्लीनरने साफ करून लगेच आर्क लावू नका. क्लोरीन असलेला द्रव आर्कच्या उजेडात फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार करतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

तडा दिसतो त्यापेक्षा लांब असतो. डाय पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) लावून दोन्ही टोकं शोधा, टोकांच्या पुढे ३ मिमीचं छिद्र पाडा आणि कार्बाइड बरने व्ही खाच करा. लोखंडावर वापरलेलं ग्राइंडरचं चाक किंवा ब्रश इथे चालणार नाही. एझेड९१डी या शुद्ध प्रकारात लोखंडाची मर्यादा ०.००५ टक्के आहे, निकेलची ०.००२, लोखंडाचे कण रुतले तर केस तिथूनच गंजत जाते. नवीन स्टेनलेस ब्रश घ्या आणि तो मॅग्नेशियमसाठीच वेगळा ठेवा.

आणि भुसा. मॅग्नेशियमची घट्ट केस सहज पेटत नाही, पण तिचा बारीक भुसा पेटतो, आणि पेटला की पाण्याने किंवा कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरने आणखी भडकतो. मॅग्नेशियम कार्बन डायऑक्साइडमध्येसुद्धा जळतं. कोरताना भुसा सतत गोळा करा, वेल्डिंगआधी टेबल साफ करा आणि वर्ग डी ची (धातूच्या आगीसाठीची) कोरडी पावडर हाताशी ठेवा. हे नसेल तर काम सुरूच करू नका.

टिग वेल्डिंगच (टंगस्टनच्या टोकाने, वायूच्या आवरणात करायचं) मुळात मॅग्नेशियमसाठी जन्माला आलं, हे फार थोड्या वेल्डरांना माहीत असतं. अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टन आणि हेलियम वापरून मॅग्नेशियम जोडायची पद्धत काढली, १९४२ मध्ये तिला पेटंट मिळालं. त्याआधी गॅसने आणि क्षारयुक्त फ्लक्सने जोडायचे, आणि उरलेला फ्लक्स जोडालाच खात राहायचा. म्हणून आजही कुणी गॅस आणि फ्लक्सने करून देतो म्हणालं तर नाही म्हणा.

प्रत्यक्ष वेल्डिंग टिगने, एसी करंटवर, शुद्ध आर्गॉनमध्ये. केस ओव्हनमध्येच सगळीकडून सारखी १५० अंशांपर्यंत तापवा. टॉर्चने एका जागी तापवलं तर केस वाकडी होते. तापमान इन्फ्रारेड गनने मोजत असाल तर सावध राहा, चकचकीत मॅग्नेशियमवर ती फार कमी आकडा दाखवते. टेम्पस्टिक (ठरावीक तापमानाला वितळणारी खडूसारखी कांडी) बरी. केस रिकामी ठेवून वेल्ड करू नका. बाजूची झाकणं आणि पुढचा गिअर कॅरिअर बोल्टने बसवून ठेवा, म्हणजे आकार टिकतो. बेअरिंगच्या बोअरची (ज्यात बेअरिंग बसतं त्या भोकांची) मापं आधीच लिहून ठेवा.

पहिला पास रॉडशिवाय घ्या. नुसतं तड्यावरून वितळवत जा. काळा धूर आणि फुगे येतील: हे तेल आणि कास्टिंगमधला वायू. ते कोरून काढा आणि पुन्हा तेच करा. पूल शांत राहायला लागला, काळं येणं थांबलं आणि कडेला फक्त पांढरी पूड बसायला लागली की मग रॉड घ्या. या टप्प्यावर घाई केली तर सगळा खर्च वाया जातो, आणि दोष मात्र रॉडला लागतो.

करंट तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमला लागतो त्यापेक्षा कमी पुरतो, कारण मॅग्नेशियम वितळवायला उष्णता कमी लागते. ६ मिमी भिंतीला मी शंभर अँपिअरच्या आसपास सुरू करतो आणि पूल बघून हलतो. रॉडचं गरम टोक आर्गॉनच्या बाहेर काढायचं नाही. एका वेळी इंचभर बीड, मग दुसरीकडे इंचभर. प्रत्येक बीडच्या शेवटी पेडल हळूहळू सोडत खड्डा भरून घ्या. न भरलेल्या खड्ड्यात तारेच्या आकाराची चीर पडते आणि तिथून ती पुढे पळते. खाच आतून-बाहेरून दोन्हीकडून करता आली तर उत्तम. झालं की सिरॅमिक ब्लँकेटमध्ये गुंडाळून गार होऊ द्या.

ॲल्युमिनियम कुळातल्या मॅग्नेशियमला वेल्डनंतर ताण काढणं आवश्यक आहे, आणि हीच पायरी लोक सर्वांत जास्त वगळतात. वेल्डचा ताण आणि दमट हवा मिळून बीडशेजारी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आपोआप चीर पाडतात. झिर्कोनियमच्या कुळाला हा त्रास जवळजवळ नसतो. एझेड९१ च्या सँड कास्टिंगला पुस्तकी माप २६० अंश, एक तास. तुमच्या डाय कास्टिंगला मी २०० च्या वर जाणार नाही, त्याऐवजी तीन-चार तास ठेवेन. अडकलेला वायू जास्त तापला तर पृष्ठभागावर फोड येतात आणि बेअरिंगचे बोअर हलतात. २०० ला ताण पूर्ण निघत नाही, पण बराच निघतो, आणि या केसमध्ये बोअरचं माप टिकवणं मला जास्त मोलाचं वाटतं. गार झाल्यावर बोअर पुन्हा मोजा आणि आधीच्या मापांशी ताडून बघा.

तुमचा तडा तळाशी, बॉसपासून बेल हाउसिंगकडे गेलेला आहे, म्हणून मी वेल्ड करा म्हणतोय. स्टार्टरच्या बोल्टचा तुटलेला कान, ड्रेन प्लगचा बॉस, बेल हाउसिंगची कड या जागा वेल्डने टिकतात. डाय पेनिट्रंटने जर दाखवलं की तडा बेअरिंगच्या बोअरमध्ये किंवा क्राउन व्हीलचा (चाकांना फिरवणाऱ्या मोठ्या गिअरचा) जोर झेलणाऱ्या भिंतीत शिरलाय, तर रॉड मागवू नका, दुसरी केस शोधा. तिथला भार आणि तिथली अचूकता वेल्डनंतर परत मिळवणं फार कठीण, आणि गिअर तुटले तर खर्च केसच्या कितीतरी पट.

शेवटी गळतीची परीक्षा. बाहेरून बीडवर खडूची पूड पाण्यात कालवून लावा, वाळू द्या, आतून रॉकेल लावा आणि रात्रभर ठेवा. खडूवर डाग आला नाही तर गळती बंद झाली. डाग बारीक ठिपक्याएवढा आणि एकाच जागी असेल तर ती पोरॉसिटी (वायूने पडलेलं बारीक छिद्र) आहे, तेवढाच ठिपका कोरून पुन्हा भरता येतो. डाग रेषेसारखा असेल तर चीर राहिली आहे आणि सगळा बीड उघडावा लागेल. परीक्षा पार पडली की रॉकेल पूर्ण धुऊन, उघड्या धातूवर एपॉक्सी प्रायमर लावा. ड्रेन प्लगला नवीन वॉशर घाला आणि आटे स्वच्छ करून आधी हातानेच बसवा. बॉसला तडा जाण्याचं नेहमीचं कारण लांब पान्याने जोरात आवळणं हेच असतं. गाडी थोडी चालवून झाल्यावर, तेल गरम असताना, बीडच्या दोन्ही कडा एकदा स्वच्छ पुसून भिंगाखाली बघा, आणि एका पावसाळ्यानंतर पुन्हा बघा.